ओसाड माळरान म्हणजे नेमकं काय हो?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘ओसाड माळरानावर फुलवलं नंदनवन’ अशी एक यशोगाथा छापली. पोकलेननं टेकाड फोडलं, तलावातला गाळ आणून टाकला, सात एकर सीताफळ, मधल्या पट्ट्यात सोयाबीन, शेततळं, ड्रिप, आणि फोटोत नवरा-बायको सीताफळाचं क्रेट धरून उभे. माणूस कष्टाळू दिसतोय, त्याच्याविषयी माझं काहीच म्हणणं नाही, उलट त्याला दोन पैसे मिळाले तर आनंदच आहे. माझं भांडण तुमच्या हेडिंगमधल्या एका शब्दाशी आहे, ‘ओसाड’. गेली पस्तीस वर्षं मी पेपर वाचतोय आणि दर दोन-तीन महिन्याला हेच हेडिंग, कधी नंदनवन फुलतं, कधी सोनं पिकतं, कधी हिरवाई अवतरते, माळरान मात्र कायम ओसाडच. पोकलेन यायच्या आधी तिथं काय होतं हे तुमच्या बातमीदारानं एकदा तरी त्या शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या बापाला विचारायचं होतं.

मला हे टोचतं त्याला कारण आहे, माझी सगळी नोकरीच माळावर गेली. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, अहमदपूर आणि चाकूर तालुक्यात, लोक ढोराचा डॉक्टर म्हणायचे, डॉक्टर नव्हतो पण कुणी ऐकायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस, मेंढ्यांना आंत्रविषाराची लस, थर्मासमध्ये बर्फ घालून लुनाला बांधायची आणि जिकडं कळप असेल तिकडं जायचं, कारण कळप काही दवाखान्यात येत नसतो. त्यामुळं बालाघाटचा हा माळ मी सगळ्या महिन्यांत बघितलाय, मार्चमध्ये तर तो खरंच उजाड दिसतो, दगड आणि पिवळं खुंट, बाकी काही नाही. आणि तुमचे फोटोग्राफर बरोबर मार्चमध्येच येतात.

भाद्रपदात येऊन बघा म्हणावं. गुडघ्याएवढं गवत असतं, पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी, आणि अश्विनात पवन्या फुलोऱ्यावर आला की सकाळच्या उन्हात आख्खा माळ तांबूस दिसतो. दिवाळीनंतर कुसळी पिकते, मग चालायची सोय नाही, पॅन्टच्या घडीत, मोज्यात, नाडीत सुद्धा कुसळं, घरी आल्यावर बायको एकेक उपटत बसायची आणि शिव्या मला आणि माझ्या खात्याला मिळून द्यायची. मेंढीच्या लोकरीत शिरलेलं कुसळ तर सरळ कातडीत घुसतं, गळू होतं, ते फोडून आयोडीन लावण्यातच माझा निम्मा हिवाळा जायचा. म्हणजे मी काही गवतावर कविता करणारा माणूस नाही, मला त्यानं त्रासच दिलाय.

१९९८ च्या थंडीतली गोष्ट, सकाळी साडेसहाला एका तांड्याच्या पुढच्या उतारावर लुना बंद पडली, प्लग काढून पुसत बसलो होतो आणि मान वर केली तर वीस-बावीस पावलांवर लांडगा. कुत्रं नाही, लांडगाच, पाय लांब, शेपूट खाली. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं, हातात पाना. मग त्यानं असं तोंड फिरवलं की जणू माझ्यात काही दम नाही, आणि गवतात गेला, शेंडे हलताना दिसले तेवढेच. वाडग्यावर गेल्यावर मेंढपाळ मामांना घाईघाईनं सांगितलं तर ते चिलीम भरत म्हणाले, “त्यो हितलाच हाय सायेब. वर्साला दोन-तीन कोकरं त्येच्या वाट्याची, त्येवढी धरूनच चालावं लागतंय.” आता त्या उतारावर प्लॉटिंगचे दगड आहेत आणि वरच्या अंगाला सोयाबीन. मामांचा नातू पुण्याला सिक्युरिटीत आहे.

लांडगा सोडा, छोट्या जिवांचं बघा. चंडोल झाडावर घरटं करत नाही, गवताच्या बुडाशी, कधी कधी तर बैलाच्या खुराच्या खळग्यात करतो. धाविक, टिटवी, लावा, तित्तर सगळे जमिनीवर अंडी घालणारे. रोटावेटर एकदा फिरला की यांचा संसार संपला, आणि पुढच्या वर्षी कुठं करायचा तर शेजारी पण रोटावेटरच. माळढोकासाठी आपल्या शेजारी सोलापूरच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य केलं, आज आख्ख्या देशात रानातले दीडशे सुद्धा उरले नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात. त्याला झाडं नको होती, त्याला उघडा माळ पाहिजे होता, तो कुणी ठेवला नाही. आणि हरणं शेतात घुसली की तुमच्याच पेपरात ‘हरणांचा धुमाकूळ’ अशी बातमी. पीक जातं हे खरं आहे, माझं पण गेलंय, रात्रभर डबा वाजवत बसलोय, पण हरणानं जायचं कुठं हे त्या बातमीत कधीच नसतं.

सरकारच्या वहीत या माळाचं काय होतं तेही सांगतो. जंगल मोजणारं खातं झाडांचा पसारा बघतं, एक हेक्टरच्या वर जागा आणि त्यात दहा टक्क्याच्या वर झाडांची सावली असली की ते जंगल. आमचा माळ त्यात बसत नाही. मग तो बसतो कुठं तर पडीक जमिनीच्या नकाशात, झुडपी पडीक, खराब चराऊ अशा खान्यात. म्हणजे जंगल नाही, शेती नाही, म्हणून काहीच नाही. इंग्रजांची आणि निजामाची सारावसुली होती तेव्हा ज्या जमिनीतून सारा येत नाही ती निकामी, हे समजण्यासारखं आहे, त्यांना पैसे पाहिजे होते. पण आपण अजून त्याच चष्म्यातून बघायचं म्हणजे काय. लातूर जिल्ह्याचं जंगल एक टक्का सुद्धा भरत नाही म्हणून आपण दरवर्षी हळहळतो, ते बरोबरच आहे, पण त्याच जिल्ह्यातला माळ किती होता आणि किती गेला याची हळहळ कुणाला नाही कारण तो आधीपासूनच शून्यात धरलेला.

आता दुसऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी घरचं सांगतो, नाहीतर गावातले वाचून हसतील. आमच्या साडेनऊ एकरात सातबाऱ्यावर पावणेदोन एकर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, होता, टेकाडाच्या उतारावर. आमचे वडील, आण्णा, त्याला गवताचं रान म्हणायचे. दसऱ्यानंतर कापणी, बायका विळा घेऊन ओळीनं बसायच्या, पेंढ्या बांधायच्या, सोळा-सतराशे पेंढ्या निघायच्या आणि ज्वारीच्या कडब्याची बनीम, म्हणजे गंजी, वेगळी, त्यावर देवणीचे चार बैल आणि दोन गाई उन्हाळा काढायच्या. जनावरासाठी विकतचा चारा आणलेला मी लहानपणी बघितलाच नाही. पण २०१२ ला सोयाबीनला भाव आला, लहान भाऊ म्हणाला, “भाऊ, पावणेदोन एकर नुसतं गवताला कुणी ठेवतं का आजच्या काळात?” मी नोकरीवर, पगार चालू, मीच जेसीबीचे पैसे दिले. म्हणजे पापात माझा वाटा निम्म्याहून जास्त.

२०१३ च्या मे महिन्यात जेसीबी तीन दिवस चालला. दगड काढून बांधाला लावले, तलावातल्या गाळाच्या नव्वद ट्रॉल्या टाकल्या. पहिल्या वर्षी एकरी पाच क्विंटल सोयाबीन झालं, भावानं पेढे वाटले. २०१४ आणि २०१५ दुष्काळ, भारी काळ्या रानात थोडं तरी हाती लागलं, इथं बियाणं सुद्धा परत आलं नाही कारण फूटभर गाळाखाली मुरूम, ओल धरणार कशात. ते वर्ष तुम्हाला आठवत असेल, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात मी पंचवीस रुपयाला एक पेंढी कडबा घेतला आणि शेवटी बैलांची जोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेऊन विकली, आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस असा आला की गाळ, डीएपीचं खत, उभं पीक सगळं खालच्या लवणात. ओघळी एवढ्या पडल्या की एका ठिकाणी मी कमरेइतका उभा राहिलो. गवत होतं तेव्हा हाच पाऊस पडत नव्हता का, पडत होता, पण गवताची मुळं माती धरून ठेवायची, पाणी हळूहळू मुरायचं, खालच्या विहिरीला होळीपर्यंत परसभर पाणी असायचं.

यातली सगळ्यात भारी गंमत पुढंच आहे. ती वाहून गेलेली माती पाझर तलावात जाऊन बसली. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तीच माती आम्ही परत ट्रॉलीत भरून वर आणली, डिझेल घालून. आता ती परत खाली चाललीय. आम्ही आणि तलाव मिळून एकच माती गेली कित्येक वर्षं वरखाली करतोय आणि मधे ट्रॅक्टरवाल्याचा हप्ता फिटतोय.

गवत परत का येऊ देत नाही म्हणाल तर येत नाही ना. तीन वर्षं तो तुकडा तसाच सोडून बघितला, पहिलं आलं गाजरगवत, मग तरवड, बांधाच्या कडेनं थोडी कुसळी सरकली, पवन्या आणि शेडा नाही. ही बारमाही गवतं आहेत, एकेका ठोंबाला वर्षानुवर्षं लागलेली असतात, जेसीबीच्या एका बकेटमध्ये ती उलटी होतात. झाड तोडलं की निदान खोड दिसतं, माणसाला वाईट वाटतं. गवत नांगरलं की रान स्वच्छ झाल्यासारखं दिसतं, शेजारी येऊन शाब्बासकी देतो.

मुलगा शिकलेला आहे, त्यानं मोबाईलवर दाखवलं की हे आपल्याच गावचं दुखणं नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०२१ साली उपग्रहावरून तपासून सांगितलं की जगात जे जंगल जातं त्यातलं जवळजवळ ९० टक्के शेतीपायी जातं, निम्म्याहून जास्त पिकांसाठी आणि ४० टक्क्यांच्या आसपास जनावरं चारण्यासाठी. जनावरांचं वाचून मला जरा लागलं, पण तिथली चराई म्हणजे जंगल जाळून कुरण करायचं आणि हजारो गाई मटणासाठी सोडायच्या, आपल्या मामांच्या शंभर मेंढ्यांशी त्याचा संबंध नाही. ब्राझीलमध्ये सेराडो म्हणून भाग आहे, तो तर मला आपल्याच माळाचा थोरला भाऊ वाटला, गवत, खुरटी झाडं, आंबट माती, लोक म्हणायचे काही पिकत नाही. सत्तरच्या दशकापासून तिथं मातीत चुना मिसळला, गरम हवेत येणारं सोयाबीनचं वाण काढलं, आणि आज ब्राझील सोयाबीनमध्ये जगात एक नंबर आणि सेराडोचा निम्म्याच्या आसपास भाग साफ. ॲमेझॉनच्या जंगलासाठी निदान जग ओरडलं, २००६ साली मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की तिथं नवीन तोड करून पिकवलेलं सोयाबीन घ्यायचं नाही, सेराडो त्या करारात नव्हताच. तिथं पण तेच, झाडांना नाव आहे आणि गवताला नाही.

अमेरिकेत याच्या आधीच होऊन गेलंय. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, लोकांनी मैलोन्‌मैल गवताचं मैदान नांगरलं, मग भाव पडला, तिसाच्या दशकात पाऊस गेला आणि धुळीची वादळं सुरू झाली, १४ एप्रिल १९३५ ला तर भर दिवसा अंधार. वाचताना मला आमचं २०१२ ते २०१६ आठवत होतं, भाव, मशीन, नांगर, दुष्काळ, सगळं त्याच क्रमानं, फक्त आमच्याकडं धुळीऐवजी माती पाण्यातून गेली.

आणि एवढं करून पदरात काय, तर ज्या सोयाबीनसाठी मी माळ फोडला त्याचा २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये, लोकांनी अडतीवर चार हजार-बेचाळीसशेनं घातलं, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यात जास्त पामतेल, इंडोनेशिया-मलेशियाचं, तेही बऱ्याच ठिकाणी जंगल तोडून लावलेलं. म्हणजे तिथं जंगल गेलं, इथं माळ गेला, आणि दोन्हीकडचं तेल आमच्याच चौकातल्या भज्याच्या कढईत.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो नाहीतर माझं पत्र भलतेच लोक नाचवतील. गायरानाचा विषय निघाला की काहीजणांच्या डोळ्यासमोर लगेच भूमिहीनांची दोन-अडीच एकराची पट्टी येते. तसलं माझं म्हणणं अजिबात नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठं पुढं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानातली वहिती नियमित करायचा १९९१ चा शासन निर्णय निघाला, आणि अजून कित्येकांना सातबारा मिळालेला नाही. २०११ ला सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं, त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांसाठी अपवाद ठेवलाय. ज्याला घरची वीस एकर आहे आणि तरी दरवर्षी गायरानाच्या बाजूनं नांगराचे दोन तास पुढं सरकतो, बांध कोरतो, त्याच्याविषयी मी बोलतोय, आणि तसे प्रत्येक गावात चार-दोन असतात, बहुतेक वेळा तेच झेंडावंदनाला पहिल्या रांगेत बसतात. आता तर उरलेलं गायरान सोलरला द्यायचं चाललंय, शेतीला दिवसा वीज पाहिजेच, पण मेंढपाळाला कुणी विचारलं का?

आणि झाडं लावणारे. २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम होती, आमच्या माळावर पण आले, समतल चर खोदले, खड्डे केले, गिरिपुष्प लावलं, फोटो काढले. जिथं खरंच जंगल होतं, किनवट-माहूरकडं, गौताळ्याकडं, तिथं लावा की, कोण नको म्हणतंय. पण चांगलं उभं गवत उकरून त्यात गिरिपुष्प लावायचं म्हणजे नांगरच झाला तो, फक्त हिरव्या रंगाचा. आमच्याकडं गिरिपुष्प मेंढी तोंडात धरत नाही, हे खड्डे घेणाऱ्या साहेबाला मी समोर सांगितलं, ते म्हणाले टार्गेट आहे.

कुणी म्हणेल मग शेतकऱ्यानं काय उपाशी मरायचं का. नाही. पण बरड उतारावरच्या गवताचा हिशोब कुणी लावतच नाही. आज सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीतलं भुसकट, आणि विकतच्या पेंडीवर गाय सांभाळायची म्हणजे दुधाचा पैसा दुकानदाराला जातो. ज्वारी गेली तसा कडबा गेला, माळ गेला तसं गवत गेलं, मग देवणी गेली, लाल कंधारी गेली, उस्मानाबादी शेळी बांधून पाला तोडून घालायची वेळ आली, मेंढपाळ रानात मेंढ्या बसवायचे ते बंद झालं म्हणून शेणखत-लेंडीखत गेलं, म्हणून डीएपीची गोणी वाढली. हे सगळं एकाच दोऱ्यात आहे पण सातबाऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही, तिथं फक्त पोटखराबा कमी झाल्याचं दिसतं आणि तलाठी म्हणतो क्षेत्र वाढलं, अभिनंदन.

माझी तुम्हाला मागणी एकदम साधी आहे. पुढच्या वेळी असली यशोगाथा छापाल तेव्हा तो माळ आधी काय होता, त्यावर कुणाची गुरं चरत होती, पाणी कुठं जात होतं, हे चार ओळीत तरी लिहा. आणि ‘ओसाड’ हा शब्द ज्या गावातून माणसं निघून गेली त्यासाठी ठेवा.

आमच्या त्या उतारावर वरच्या टोकाला, जिथं खडक उघडा होता म्हणून जेसीबी चढला नाही, तिथं सहा-सात गुंठे जुनं गवत अजून शिल्लक आहे. मागच्या अश्विनात मोजून बघितलं, पवन्याचे चाळीसेक ठोंब असतील. परवा भावानं तुमची रविवारची पुरवणी आणून माझ्यासमोर ठेवली, हेडिंगवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बघ, ह्यांच्याकडं ब्रेकर लावून खडक सुद्धा फोडलाय. संक्रांतीनंतर मशीनवाला येतो म्हणतोय.” मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. अहमदपूर, जि. लातूर